पावसाळी लाळेरं : शिवणाच्या वहीतल्या नोंदी

काम : दाढा येणाऱ्या नातीसाठी, आमच्याकडच्या पावसातही वाळेल असं लाळेरं
ठिकाण : मालवण तालुका, आचऱ्याजवळची वाडी
हाताशी : पायमशीन, ओव्हरलॉक, इस्त्री, कपाटातल्या जुन्या सुती साड्या, इचलकरंजीहून येणारं मलमल

27 मे 2025

पाऊस यंदा रोहिण्यांतच आला. 25 तारखेला देवगडला टेकला, म्हणजे आमच्याकडेही. अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं आणि बिया अर्ध्या भिजल्या, सासूबाई त्या दुःखात आहेत. माझं दुःख वेगळं. दोरीवर काही वाळत नाही आणि घरात 14 महिन्यांची लाळ गाळणारी नात आहे.

नातीचे, आमच्या बायोचे, पुढचे आठ दात आलेत. आता पहिल्या दाढांची पाळी, त्या साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात. सून नोकरीवर, मुलगा मुंबईत, त्यामुळे दिवसभर पोर माझ्या दुकानात, मशीनच्या पायाशी. हातात येईल ते तोंडात : दोऱ्याचं रीळ, टेप, माझ्या चपलेचा पट्टा.

आज दुपारी ती झोपल्यावर उजेडात नेऊन तोंड नीट बघून घेतलं. खालच्या ओठाच्या कडेपासून हनुवटीच्या टोकापर्यंत लाल पट्टा. मधे टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या, कडेला कातडी कोरडी, खवले धरलेली. उजवा गाल जास्त लाल, कारण ती त्याच कुशीवर झोपते आणि चादर भिजते. वरच्या ओठावर, नाकाजवळ, कपाळावर काही नाही. म्हणजे लाली जिथवर ओल पोचते तिथवरच आहे. मानेच्या वळीतही ओल आहे, तिथे रंग अजून फिका.

वाडीचा निकाल असा : उष्णता, दृष्ट, आणि सुनेने खाल्लेले हापूस. आंब्याच्या डोक्यावर खापर फोडायला मे महिना सोयीचा. सासूबाई म्हणाल्या, "दात येतत तेची उष्णता ती. वाळ्याचा पाणी पाज." वाळ्याच्या पाण्याला माझी ना नाही, फक्त ते पोटात जाणार आणि लाळ हनुवटीवरून वाहतच राहणार.

30 मे

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सून सोबत होती, बरं झालं, कारण माझ्या ऐकण्यात आणि तिच्या ऐकण्यात फरक पडतो.

त्यांनी सांगितलं त्यातलं शिवणाच्या कामाला लागणारं एवढं : लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. तिच्यात पिष्टमय अन्न पचवणारी पाचकद्रव्यं असतात. कातडी सतत ओली राहिली की तिचा वरचा थर मऊ पडतो, मग लाळेतलं हे सगळं आत झोंबतं. त्यावर आपण दर पाच मिनिटांनी पदराने खसाखसा पुसतो. ओल, लाळ आणि घासणं, या तिघांनी मिळून ही लाली. तिला जंतू लागतात ते नंतर, कातडी फाटली की.

इलाज अगदी साधा सांगितला. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने टिपायचं, साबण नाही. मग कोरड्या फडक्याने टिपायचं. पुसायचं नाही, फडकं टेकवायचं आणि उचलायचं. पूर्ण कोरडं झालं की साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, दिसेल इतका थर. जेवणाआधी आणि झोपण्याआधी चुकवायची नाही. ओल्यावर लावली तर ओल आत कोंडते. वासाचे ओले टिश्यू बंद.

सुनेने पर्समधून एक ट्यूब काढून दाखवली. औषधाच्या दुकानात नुसतं "बाळाच्या तोंडावर लाल आलंय" म्हटल्यावर मिळालेली. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलाच्या पलीकडे ठेवून दिली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकात. म्हणाले, लावल्यावर दोन दिवसांत गुळगुळीत होईल आणि बंद केल्यावर दुप्पट उठेल. तोंडाजवळची कातडी पातळ, त्यात पोर ते चाटणार. वारंवार लावलं तर कातडी आणखी पातळ होते आणि तोंडाभोवती वेगळंच पुरळ येऊन बसतं. कातडीला लावायच्या अशा स्टेरॉइड मलमांना 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये घातलंय, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं. वाचतं कोण?

परत कधी आणायचं तेही विचारून घेतलं : मधाच्या रंगाची खपली धरली, पू दिसला, लाली झपाट्याने पसरली, ताप आला किंवा पोर पाणीही पिईना, तर.

3 जून

आता माझा प्रांत.

घरातली लाळेरी एका रांगेत मांडली. बारशात आलेली, मुंबईहून आलेली, जत्रेतली. बहुतेकांचं एकच रडगाणं. वर गुबगुबीत कापड, खाली प्लॅस्टिक. कापड हाताला मऊ लागतं, पण ते सिंथेटिक आहे, पाण्याचा थेंब वर टाकला तर तो आधी इकडेतिकडे पळतो. प्लॅस्टिकमुळे झबलं कोरडं राहतं हे खरं, पण लाळ वरच्या थरात साचते आणि पोराने मान खाली घातली की तो ओला गोळा हनुवटीला चिकटून बसतो. झबलं वाचतं, पोर भिजतं. मानेमागे चिकटपट्टी, तिचा खरखरीत भाग सरकून मानेला लागतो. एकाला गळ्याभोवती सॅटिनची झालर. ते लाळेरं फोटोपुरतं.

मग कापडांची परीक्षा. वितीएवढे चौकोन कापले : मांजरपाट, पॉपलीन, टी-शर्टचं होजिअरी, टॉवेलचं टर्किश, नवं मलमल आणि माझ्या आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. प्रत्येकावर चमच्याने पाणी.

नव्या कापडांवर पाणी उभंच राहिलं. खळ. कोरं सुती कापड खळ निघेपर्यंत पाणी धरत नाही, हे ब्लाऊजच्या अस्तराच्या बाबतीत गिऱ्हाइकांना सांगून माझा घसा सुकला आहे. रात्रभर भिजत घालून, गरम पाण्याने दोनदा धुऊन पुन्हा परीक्षा घेतली. टर्किशने सर्वांत जास्त पाणी प्यायलं. जुन्या साडीने सर्वांत झटकन. मलमल तिच्या पाठोपाठ. मांजरपाट पितं, पण गालाला लावून बघितलं तर खरबरीत, आत्ता नको.

बाजारात टर्किशलाच मागणी का, ते कळलं. पण ते चौकोन मी पडवीतल्या दोरीवर टाकून ठेवलेत.

4 जून

पडवी, सकाळी दहा. जुन्या साडीचा तुकडा खडखडीत वाळला आहे. मलमल वाळलं आहे. पॉपलीन जवळजवळ. होजिअरी दमट. टर्किश काल संध्याकाळी होतं तसंच थंडगार, नाकाशी नेलं तर कुबट वासाची सुरुवात.

कोरड्या हवेच्या गावात टर्किश चालेल. इथे जून ते सप्टेंबर हवाच ओली, कापडातलं पाणी जाणार कुठे? दमट लाळेरं गळ्यात घालणं म्हणजे लाळ यायच्या आधीच पोराला भिजवून ठेवणं. मलमाची कितीही चिकाटी केली तरी वर दमट कापड असेल तर सगळं फुकट. तेव्हा या कामाचं खरं माप शोषण हे नाही, वाळणं आहे. वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहून ठेवलं.

9 जून

बेत : तीन पदरी मलमल. एक पदर पुरत नाही, आरपार भिजतो. दोन पदर दाढा नसताना पुरले असते. तीन पदर पुरतात, पण चारी बाजूंनी शिवून टाकले की तिन्ही मिळून एक जाड कापड होतं आणि वाळायला पुन्हा टर्किशचीच रड.

रात्री पंचांगाची पानं उलटताना सुचलं. तिन्ही पदर फक्त गळ्याशी जोडायचे, खालून आणि बाजूंनी मोकळे ठेवायचे, वहीच्या पानांसारखे. गळ्यात असताना एकावर एक बसतात. दोरीवर टाकताना मधलं पान एका बाजूला आणि वरखालची दोन दुसऱ्या बाजूला सोडली, मधे बोट घालून सुटी केली, की प्रत्येकाला वारा लागतो. शिवाय वरचं पान भिजलं की ते मागे उलटून टाकायचं, पुढे कोरडं पान येतं. एका लाळेऱ्याची तीन पाळ्यांची चाकरी होते.

माप : गळ्याचा घेर मोजून त्यात दोन बोटं सहज शिरतील इतकी ढिलाई. रुंदी खांद्यापासून खांद्यापर्यंत, लांबी छातीच्या खालपर्यंत, त्याहून लांब केलं तर रांगताना गुडघ्याखाली येतं. गळ्याला त्याच मलमलची तिरपी पट्टी, सरळ पट्टी ताठ राहते आणि हनुवटीखाली कड लागते. कडांना ओव्हरलॉक नाही. तो दोरा धुतल्यावर बोचतो. बारीक दुमड घालून शिवायचं, वेळ लागतो, लागू दे.

बांधायला नाडी नाही. नाडी कुठेही अडकते, गळ्याला फास बसायला क्षण लागत नाही. खांद्यावर टिचबटण, ओढलं की सुटेल असं. आणि झोपताना लाळेरं काढायचंच, कोणतंही असो. झोपेसाठी गालाखालच्या चादरीवर मलमलची पट्टी ताणून चारी बाजूंनी गादीखाली खोचली आहे. सुटं फडकं पोराच्या तोंडाजवळ ठेवायचं नाही.

रंग पांढराच. भिजलेलं दिसलं पाहिजे आणि रक्त-पू असेल तर तेही दिसलं पाहिजे. सून म्हणाली, "आई, एखादं फूल तरी काढा." भरतकामाच्या मागच्या गाठी कोणाच्या हनुवटीला लागणार? फूल नाही.

16 जून

लाळेरी चालू झाली. दिवसाला दहा-बारा लागतात. अवघड भाग धुण्याचा नाही, धुऊन झाल्यावरचा आहे.

साबण अगदी थोडा, आणि दोन पाण्यांतून खळबळून काढणं. कापडात साबण राहिला तर लाळेने ओला होऊन तोच कातडीला लागतो. वासाचं मऊ करणारं ते निळं पाणी बंद, त्याने कापडाला मेणचट लेप बसतो आणि पाणी पिण्याची ताकद जाते. पिळून झाल्यावर कोरड्या टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन दाबायचं. (टर्किशला घरात एक जागा मिळाली.) मग पडवीत, पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत.

सासूबाईंनी जुनी रीत काढली. चुलीवरच्या आडव्या काठीवर कपडे. वाळले खरे, पण धुराचा वास धरून बसले आणि काजळीचे कण. लाळेरं झटकून दोन्ही बाजूंनी बघितलं, बोटाला काळं लागलं. तोंडाच्या कापडाला नको.

शेवटी इस्त्री. नव्वद टक्के वाळलेलं लाळेरं पान पान उलटून इस्त्रीखालून काढलं की ते खरोखर कोरडं होतं. हाताला कोरडं लागणं आणि कोरडं असणं यांत पावसाळ्यात फरक असतो. गालाच्या कातडीला लावून बघावं, थंड लागलं तर अजून ओल आहे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. कपाटात ठेवली तर रात्रीत पुन्हा दमट.

19 जून

वीज गेली ती गेलीच. इस्त्री नाही, पंखा नाही. डब्यातला साठा कामी आला.

22 जून

हनुवटी निवळली आहे. पुळ्या बसल्या, लाली गुलाबीवर आली, खवले गेले. गालावर अजून खरखर आहे. घरात मात्र मलमावरून भांडण.

सासूबाईंना जेली मान्य नाही. "रॉकेलाचा मलम पोराच्या तोंडाक?" तसं बघितलं तर त्यांचा नेम फार चुकलेला नाही. खनिज तेलाच्या विहिरींच्या यंत्रांवर साचणारा मेणचट गाळ कामगार भाजल्या-कापल्यावर लावायचे. तो शुद्ध करून रॉबर्ट चेसब्रो नावाच्या माणसाने 1872 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, तेच व्हॅसलीन. शुद्ध केलेली जेली कातडीत जिरत नाही, वर बसून राहते, पाणी आत जाऊ देत नाही. आम्हाला नेमकं तेच हवं. थोडी पोटात गेली तरी घाबरायचं कारण नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

त्यांचा उमेदवार मुठेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवायच्या, फोडून वरची टरफलं काढायची, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारी चरबी काढून निवली की मुठीत दाबून गोळा करायचा. भिरंडेलही म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर, फुटलेल्या ओठांवर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच. यंदा बिया भिजल्याने नवा घाणा होणार नाही, म्हणून गेल्या वर्षीचा शेवटचा गोळा त्यांनी नातीसाठी काढला, हे मला कळत होतं.

मी तो हातात घेऊन बघितला. पिवळसर पांढरा, कडक, नखाने खरवडला की भुगा पडतो. कोकमाची चरबी अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते, म्हणजे लावायचा तर तळहातावर घासून मऊ करावा लागतो, तरी त्यात बारीक रवा राहतो. माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला. टाचेला हा रवा कळतही नाही, मनगटाला कळला. बायोच्या हनुवटीवर आपण घासणंच बंद केलंय, तिथे घासून लावायचं औषध कसं चालेल? शिवाय घरी गाळलेल्या चरबीत बियांचा कोंडा उरतो.

खोबरेल तेलाचं उलट. ते 25 अंशांच्या आत-बाहेर पातळ होतं, आमच्या हवेत बाटलीत पाणीच. लावलं की चकाकतं आणि लाळेबरोबर गळ्यात उतरतं. अंगाच्या मालिशीला उत्तम, ओठांखाली बांध घालायला नाही.

"माज्या मुठेलाक नाव ठेवतंस?" म्हणाल्या. नाव ठेवत नाही, जागा ठरवते आहे. रात्री मी त्यांच्या टाचांना तोच गोळा लावून दिला. बोलल्या नाहीत, पण पायही मागे घेतले नाहीत.

हळद, चंदन, शेजारणीने आणलेला कसलासा लेप : एकही नाही. उघड्या कातडीवर उगाळलेलं काहीही खरखरीत. आणि पावडर तर मुळीच नाही, ती लाळेत भिजून लगदा होते, वळीत बसून घासते, उडाली तर नाकातोंडात जाते.

6 जुलै

आषाढी एकादशी. बायोने रताळ्याचा कीस खाल्ला, पांडुरंगापेक्षा जास्त भक्तिभावाने.

खाण्याचा हिशेब लागला. टोमॅटोचं सार, सोलकढी, लिंबू, अननस, आंबट ताक : यांनंतर तासाभरात तोंडाभोवती लाल. ज्या जागी कातडी आधीच दुखावली आहे तिथे आंबट झोंबतं, आपल्या चिरलेल्या बोटाला कोकम लागावं तसंच. पदार्थ बंद केले नाहीत, पोराने आमच्या घरात सोलकढी सोडायची म्हणजे काय! जेवणाआधी जेलीचा थर, जेवल्यावर पाण्याने टिपणं, कोरडं करणं, पुन्हा थर. एवढ्याने भागतं.

हिरड्यांसाठी : मलमलचं फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नाही, कडक झालेलं हिरडीला लागतं. ती गाठ चघळताना लाळ कापडातच मुरते, हा जादाचा फायदा. स्वच्छ बोटाने हिरडी चोळली तरी पोर शांत होतं, चावा सहन करायची तयारी हवी.

मामेबहिणीने सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी खेळणी आणली. सुंदर, पण रंगीत खेळणं चघळायला देणार नाही, ते फळीवर. खारकेचा तुकडा किंवा कच्च्या गाजराची कांडी देतात, तीही नको, दातांनी तुकडा पाडता येतो आणि दाढा नसल्याने चावता येत नाही. घशात अडकायचं. हिरडी बधिर करणारं जेलही नाही. त्यातल्या बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकदम खाली येऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ते वापरूच नका असं बजावलं. लाळेबरोबर ते तसंही दोन मिनिटांत वाहून जातं. गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही त्याच वर्षी त्यांनी धोक्याच्या ठरवल्या, फास आणि सुटलेला मणी, दोन्हींसाठी.

15 जुलै

मानेची वळी बिघडली. हनुवटी छान, पण खालच्या घडीत गडद लाल, ओलसर चकाकणारी पट्टी आणि तिच्या कडेने सुटे बारीक लाल ठिपके. हनुवटीची लाली अशी नव्हती, तिला ठिपक्यांची पिल्लं नव्हती. फोटो काढून सुनेने डॉक्टरांना दाखवला, मग प्रत्यक्ष नेलं. बुरशी. गुटगुटीत मान, लाळ आणि जुलैची हवा. बुरशीचं साधं मलम दिलं, किती दिवस ते चिठ्ठीवर लिहून. इथे जेली थापायची नाही, घडी उघडून वारा द्यायचा.

शिवणात बदल : मागचं पान गळ्याशी अर्ध्या इंचाने वर घेतलं, म्हणजे वळीत कापड बसतं आणि कातडीला कातडी चिकटत नाही. दर वेळी लाळेरं बदलताना मान मागे करून घडी टिपायची. पोराला ही गुदगुली वाटते, त्यामुळे काम होतं.

24 जुलै

ताप नाही, पण जुलाब. वाडीत एकमत : दाताचे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी ते एका वाक्यात निकालात काढलं : दातांनी हिरडी सुजते, लाळ वाढते, पोर किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप किंवा पाण्यासारखे जुलाब दातांच्या नावावर घालायचे नाहीत. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, आणि झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. पोर हातात येईल ते तोंडात घालतं, त्यातून पोट बिघडतं. दोऱ्याची रिळं वरच्या फळीवर गेली.

11 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आणि दुकानात लाळेऱ्यांची चौकशी सुरू झाली. बाजूच्या वाडीतली एक आई पोराला कडेवर घेऊन आली, त्याच्या हनुवटीवर ओळखीचा लाल पट्टा. "माज्या झिलाक पण दोन शिवून द्या, काकी." दोन पुरणार नाहीत हे सांगितलं. जुनी सुती साडी असेल तर घेऊन ये, शिलाईचेच पैसे घेईन. जुन्या साडीइतकं पाणी पिणारं कापड दुकानात मिळत नाही, खळ कधीच गेलेली असते. फक्त जरीचा भाग आणि काठ सोडून कापायचं.

अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, चिठ्ठी लिहून द्याल का. लिहिली : टिपा, पुसू नका. कोरडं झाल्यावरच जेली. ओलं लाळेरं लगेच बदला, झोपताना काढा. डॉक्टरांनी न दिलेली ट्यूब लावू नका. मधाच्या रंगाची खपली, पू, ताप, तोंडात किंवा तळहात-तळपायांवर फोड : दवाखाना. शेवटचं ताईंनीच घालायला लावलं. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ येते आणि लोक तिलाही लाळेचं पुरळ समजून घरी बसतात.

30 ऑगस्ट

27 ला गणपती आले. त्याआधीच घर चाकरमान्यांनी भरलं. प्रत्येकाला बायोचा गाल हवा. प्रवासातली दाढी, अत्तर, तंबाखू, सगळं त्याच गालावर. मुलाला दारात उभं केलं : पापी पायाची घ्या, तोंडाची नाही. मुंबईच्या आत्येला राग आला. येऊ दे. आरतीच्या वेळी धूप-कापराच्या धुरापासून पोर ओटीवर.

पुरणपोळी, मोदक, केळं, तूप : तोंड सतत चिकट. तरीही लाली नाही, फक्त उजव्या कोपऱ्यात ओठ जरा चिरलाय. जेली चालू.

6 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. सकाळी दात बघितले. वरच्या दोन्ही दाढा पूर्ण बाहेर, खालच्या डावीचं टोक फुटलंय, उजवी हिरडीत फुगलेली. लाळ कमी झाली आहे, थांबलेली नाही. हनुवटी इतर अंगासारखी. गालावर हात फिरवला तर किंचित खरखर, नजरेला काही नाही.

नवी अडचण : तिला टिचबटण उघडता येऊ लागलं. ओढते, काढते, मांजरावर टाकते. बटण पाठीमागे नेलं तर मला घालायला अवघड, तिला काढायला कठीण, पण अडकलं तर सुटणार की नाही ते आधी तपासते. एक नमुना तसा शिवून दाराच्या खुंटीला अडकवून ओढून बघितला. एका झटक्यात सुटला. चालेल.

सुळे 16 ते 23 महिन्यांत येतात, दुसऱ्या दाढा 23 ते 33 महिन्यांत. म्हणजे पुढच्या जूनमध्ये, पाऊस दारात असताना, पुन्हा हेच. तोवर गळा वाढेल. घेर एका इंचाने वाढवून कागदी नमुना कापून ठेवला. व्यापाऱ्याला दहा मीटर मलमल सांगितलं आहे, खळ न घातलेलं मिळालं तर दोन पैसे जास्त देईन म्हटलं. जुन्या साड्यांसाठी वाडीत निरोप गेलाय. सासूबाईंनी आपली एक आणून दिली, वर अट : उरलेल्या तुकड्यांची त्यांना पायपुसणी शिवून हवीत.